पडद्यावरचा डोंगर आणि फोटोचा हक्क

पडदे, चादरी, कॅलेंडर, भिंतीवर लावायची मोठी चित्रे, या मालात डोंगराच्या देखाव्याला मागणी जुनी आहे. एके काळी प्रत्येक फोटो स्टुडिओत काश्मीरचा देखावा रंगवलेला पडदा असे आणि तो रंगवणाऱ्या पेंटरची रोजी त्यावर चाले. आता छपाई यंत्रावर होते, आणि चित्र बहुधा इंटरनेटवरून फुकट उचललेले असते. बर्फाची शिखरे, निळे तळे, उंच झाडे. तो मुलूख कोणता, हे ना विकणाऱ्याला ठाऊक ना घेणाऱ्याला.

या फुकट उचलण्यावरूनच मागच्या हिवाळ्यात एक तंटा आमच्यापर्यंत आला. नाशिकच्या इंदिरानगरात राहणारा एक तरुण लग्नाची फोटोग्राफी करून घर चालवतो. त्याच्या गच्चीवरून नैऋत्येला पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. सप्टेंबरात, पावसाची सर ओसरल्यावर, त्याने या डोंगराचा एक सुरेख फोटो काढला आणि मोबाइलवरून मित्रमंडळींना पाठवला. चार महिन्यांनी तोच फोटो एका दुकानात पडद्यांवर छापून टांगलेला! दुकानदाराचे नाव आम्ही येथे देत नाही. मुलगा विचारायला गेला तेव्हा उत्तर मिळाले, "डोंगर काय तुझ्या बापाचा आहे?" मग तो आमच्याकडे आला. म्हणाला, "चाचा, कपड्यातले तुम्हाला कळते, तुम्हीच सांगा."

डोंगर त्याच्या वडिलांचा नाही हे खरे. उद्या दुसरा कोणी त्याच गच्चीवर उभा राहून स्वतःचा फोटो काढू शकतो, तो फोटो त्याचा. पण या मुलाने काढलेला फोटो या मुलाचाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हाच त्याचा पहिला मालक. त्यासाठी नोंदणी करावीच लागते असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मागे ६० वर्षे राहतो, म्हणजे मुलाबाळांनाही पोहोचतो. जाणूनबुजून हक्क मोडल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

मात्र यात एक मेख आहे, ती स्टुडिओवाल्या बांधवांनी ध्यानात ठेवावी. गिऱ्हाइकाने पैसे देऊन, ऑर्डर देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार नसेल, तर मालकी गिऱ्हाइकाची होते. म्हणून ऑर्डरचे काम करताना हक्क कोणाकडे राहील हे आधीच कागदावर यावे. हक्क विकतानाही लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती. आपल्यातले बरेच कारागीर जबानीवर व्यवहार करतात. जबान चांगलीच असते, पण माल दुसऱ्याच्या यंत्रावर चढला की ती सिद्ध करता येत नाही. या मुलाजवळ कॅमेऱ्यातली मूळ फाइल होती, तारखेसह. तेवढ्यावर दुकानदार नरमला, उरलेल्या पडद्यांचा मोबदला ठरला आणि कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

डोंगराच्या फोटोचा धंदा काही नवा नाही. नॉटिंगहॅमच्या बँकेतला सॅम्युअल बोर्न नोकरी सोडून १८६३ साली हिंदुस्थानात आला. काचेच्या प्लेटा, रसायने आणि तंबू हमालांच्या पाठीवर लादून तो हिमालयात हिंडला. १८६६ साली १८ हजार फुटांहून उंच मणिरंग खिंडीत त्याने फोटो काढले. इतका खर्च निघाला कसा? निगेटिव्ह पेढीकडे राहत, प्रती विकल्या जात. प्रत्येक निगेटिव्हला नंबर, आणि नंबरांची यादी गिऱ्हाइकाच्या हातात. त्याची बोर्न अँड शेफर्ड ही पेढी कलकत्त्यात २०१६ पर्यंत चालू होती.

आता मालाच्या दर्जाविषयी. त्या मुलाच्या फोटोची छपाई वाईट होती. झाडीचा गडद हिरवा पार काळा झाला होता, कारण मोबाइलवर आलेली लहान फाइल ताणून मोठी केलेली. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चित्र ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचे असते. इंचाला ३०० ठिपके धरले तर कागदावर २० इंच रुंद छपाई स्वच्छ येते. कापड दुरून पाहायचे असते, तेथे इंचाला १०० ठिपकेही चालतात, म्हणजे तेच चित्र ६० इंचांपर्यंत जाते. पुढे कापडाचा प्रश्न. सब्लिमेशनच्या छपाईत सुमारे २०० अंश उष्णतेने शाईची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुती कापडावर हा रंग टिकत नाही, तेथे रिॲक्टिव्ह शाई, वाफ आणि धुलाई लागते. फोटोग्राफरने कोणते कापड आहे हे आधी विचारावे आणि सावलीचा भाग थोडा उजळ करून फाइल द्यावी.

फोटो कधी काढावा? पावसाने हवेतली धूळ धुऊन निघते, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर हे डोंगर कातरल्यासारखे स्पष्ट दिसतात. एप्रिल-मेमध्ये तेच डोंगर धुरकट होतात. पांडवलेण्यांच्या डोंगरावर इंदिरानगरच्या बाजूने सकाळचे ऊन पडते; हिवाळ्यात संध्याकाळी सूर्य त्याच अंगाला उतरतो, तेव्हा फक्त काळी आकृती मिळते. दुपारचे ऊन डोंगराला सपाट करून टाकते. ड्रोन उडवणाऱ्यांनी आधी सरकारचा ड्रोन नकाशा पाहावा, कारण देवळालीचे तोफखाना केंद्र आणि ओझरचा विमानतळ जवळच आहेत.

आणि या डोंगराचा कापडाशी संबंध आमच्यापेक्षा फार जुना आहे. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतल्या २००० वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून २० भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२. हिशोब चोख जुळतो, आणि तो दगडावर कोरलेला आहे, जबानी नाही! पडद्याच्या लेबलवर ही चार ओळींची माहिती छापली तर परक्या बर्फापेक्षा हा माल वेगळा ठरेल, असे आम्ही त्या मुलाला सुचवले. एका व्यापाऱ्याने त्याच्याकडे सहा देखाव्यांची मागणी केली आहे. करार तीन वर्षांचा, फक्त पडद्यांसाठी. कॅलेंडरचा हक्क मुलाने स्वतःकडे ठेवला आहे. पहिला नमुना पॉलिस्टरवर निघाला असून तो सध्या आमच्याकडे धुलाईसाठी आहे.