स्क्रूसारखे वळलेले जिवाणू: दिसायला सारखे, पण घराणी वेगळी आणि आजारही वेगळे

पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबलं की महापालिकेचं एक आवाहन हमखास येतं. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा आणि त्यांच्या सल्ल्यानं प्रतिबंधक औषध घ्या. हे आवाहन लेप्टोस्पायरोसिससाठी असतं. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची साथ आली आणि ‘लेप्टो’ हा शब्द घराघरात पोहोचला.

आता दुसरी बातमी आठवा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. त्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ नावाचा जिवाणू सापडला.

लेप्टोचा जिवाणू आणि हा कॅम्पिलोबॅक्टर, दोघंही सूक्ष्मदर्शकाखाली पीळ दिल्यासारखे वळलेले दिसतात. मग ते एकाच घराण्यातले का? अजिबात नाही. त्यांचा फरक कळला की एक जण पायाच्या जखमेतून थेट रक्तात का जातो आणि दुसरा आतड्यातच का गडबड करतो, हेही कळतं.

वळणाचे तीन प्रकार

शाळेत आपण जिवाणूंचे आकार शिकलो होतो. काही गोल, काही काडीसारखे आणि काही वळलेले. या वळलेल्यांत पुन्हा तीन प्रकार पडतात. पहिला, अर्धवट वाकलेला, स्वल्पविरामासारखा: व्हिब्रिओ. दुसरा, पूर्ण पीळ असलेला पण कडक अंगाचा: स्पायरिलम. तिसरा, लांब, बारीक आणि लवचिक, ताणलेल्या स्प्रिंगसारखा: स्पायरोकीट.

स्वल्पविराम: कॉलरा

व्हिब्रिओ कॉलरी म्हणजे कॉलऱ्याचा, आपल्याकडच्या जुन्या शब्दात पटकीचा जिवाणू. इटलीच्या फिलिपो पाचिनी यांनी तो १८५४ मध्ये पाहिला होता, पण फारशी कुणी दखल घेतली नाही. पुढे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तो वेगळा काढला. त्याच्या आकारावरून त्याला ‘कॉमा बॅसिलस’ म्हटलं जायचं.

त्याच्या एका टोकाला शेपटीसारखा धागा असतो. त्याला कशाभिका म्हणतात. ती फिरवत तो पाण्यात आणि आतड्यात वेगानं पोहतो. पण तो रक्तात घुसत नाही. तो लहान आतड्याला चिकटतो आणि तिथं विष सोडतो. हे विषच खरा घात करतं, हे कलकत्त्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. या विषामुळे शरीरातलं पाणी आणि क्षार आतड्यात ओतले जातात आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. म्हणून इथं सगळ्यात आधी जीव वाचवते ती ओआरएस, म्हणजे मीठ-साखर-पाणी, आणि गंभीर रुग्णाला सलाईन.

कडक पीळ: उंदीर, कोंबडी आणि अल्सर

स्पायरिलमचं अंग वाकत नाही. त्याच्या टोकांना बाहेरच्या बाजूनं कशाभिका असतात. यातला ‘स्पायरिलम मायनस’ उंदीर चावल्यानं शरीरात जातो. गंमत म्हणजे जखम आधी भरून येते. एक ते तीन आठवड्यांनी ती पुन्हा सुजते आणि ताप येऊ लागतो. जपानमध्ये या आजाराला ‘सोडोकु’ म्हणतात.

पुण्यात चर्चेत आलेला कॅम्पिलोबॅक्टरही असाच नागमोडी आणि कडक अंगाचा. अर्धकच्चं चिकन, न तापवलेलं दूध किंवा दूषित पाणी यांतून तो पोटात जातो आणि जुलाब होतात. बहुतेक लोक काही दिवसांत बरे होतात. पण त्याच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे असतात. त्यामुळे क्वचित एखाद्याची प्रतिकारशक्ती फसते आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांपासून अशक्तपणा वर चढत जातो. हाच तो जीबीएस.

याच गटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी तर आपल्या जठरात राहतो. पोटातल्या अल्सरचं खापर अनेक वर्षं ताणावर आणि तिखटावर फुटायचं. ऑस्ट्रेलियात पर्थ इथं बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरातले हे वळलेले जिवाणू दिसत होते, पण प्रयोगशाळेत ते वाढत नव्हते. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे नमुन्यांच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढले! पुढे १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जिवाणू चक्क पिऊन पाहिले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या जिवाणूचा संबंध जठराच्या कॅन्सरशीही आहे. त्यामुळे पोटाचं दुखणं महिनोन्‌महिने चालू असेल तर ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसू नका, तपासणी करून घ्या. जिवाणू सापडला तर अँटिबायोटिक्सनं तो घालवता येतो.

लवचिक स्प्रिंग: सिफिलिस आणि लेप्टो

आता सगळ्यात वेगळी मंडळी, स्पायरोकीट. यांच्या कशाभिका बाहेर नसतात, तर आवरणाच्या आत, अंगाला गुंडाळलेल्या असतात. त्या फिरल्या की अख्खा जिवाणूच लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा फिरतो. त्यामुळे जिथं इतर जिवाणू अडकतात, अशा दाट, चिकट ऊतींमधूनही तो वाट काढतो.

सिफिलिसचा जिवाणू, ट्रेपोनेमा पॅलिडम, १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी शोधला. तो इतका बारीक असतो की एका मिलिमीटरमध्ये जवळपास ५,००० जिवाणू शेजारी शेजारी मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतही नाही. शरीरसंबंधातून त्याचा संसर्ग होतो आणि गर्भवती आईकडून वार ओलांडून तो बाळापर्यंत पोहोचतो. म्हणूनच गरोदरपणात व्हीडीआरएलसारखी रक्ततपासणी करतात. वेळेत कळलं तर पेनिसिलिननं आई आणि बाळ दोघंही वाचतात.

लेप्टोस्पायराची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात. हा आकार प्रश्नचिन्हासारखा दिसतो, म्हणून त्याच्या एका प्रजातीचं नावच ‘इंटेरोगन्स’ पडलं. उंदीर, कुत्रे, गुरं यांच्या लघवीतून तो पाण्यात आणि चिखलात येतो. तिथून पायाची चीर, ओरखडा, डोळे किंवा तोंड यांतून तो रक्तात शिरतो. मग यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं, कुठंही. त्यामुळे भातखाचरात राबणारे, गुरं सांभाळणारे आणि गटार सफाईचं काम करणारे यांना धोका जास्त.

नावाचा घोळ मुंबईतही झाला होता

१८७७ मध्ये, दुष्काळाच्या काळात, मुंबईत एका तापाची साथ आली. ताप उतरायचा आणि काही दिवसांनी उलटून यायचा. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे डॉक्टर तेव्हा मुंबईत होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं काढणारे ते हेच. रुग्णांच्या रक्तात त्यांना वळवळणारे पीळदार धागे दिसले. बर्लिनच्या ओटो ओबरमायर यांनी ते आधी पाहिले होते. कार्टर यांनी १८८२ मध्ये या आजारावर पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘स्पायरिलम फीव्हर’ म्हटलं.

आज आपल्याला माहीत आहे की तो स्पायरिलम नव्हताच. तो होता बोरेलिया, म्हणजे स्पायरोकीट. कार्टर यांचं निरीक्षण बरोबर होतं, पण तेव्हा ओळखायला मुख्यतः आकारच हाताशी होता.

आता जनुकं वाचून नातं ठरतं. त्यात असं दिसलं की स्वल्पविरामासारखा व्हिब्रिओ हा काडीसारख्या ई. कोलायचा जवळचा नातेवाईक आहे, आणि स्पायरोकीट हे पूर्णपणे वेगळंच घराणं आहे. हेलिकोबॅक्टरलाही आधी कॅम्पिलोबॅक्टरमध्येच धरलं होतं, १९८९ मध्ये त्याला स्वतंत्र नाव मिळालं.

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

लेप्टोची लक्षणं साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतात. तोवर आपण तुंबलेलं पाणी विसरून गेलेलो असतो. जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं ही लक्षणं डेंग्यू किंवा फ्लूसारखीच वाटू शकतात. म्हणून डॉक्टरांकडे गेलात की ‘मी अमुक दिवशी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो’ किंवा ‘शेतात चिखलात काम केलं’ हे न विचारता सांगा. त्या एका वाक्यावरून योग्य तपासणी लवकर होते. उपचार लवकर सुरू झाले तर लेप्टो अँटिबायोटिक्सनं बरा होतो, उशीर झाला तर जीवावर बेततो.

आणि प्रतिबंधक गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. डॉक्सीसायक्लिन सहसा गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देत नाहीत. कुणाला कोणतं औषध आणि किती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.