आयपी ॲड्रेस म्हणजे घराचा पत्ता नव्हे!

"तुझा आयपी ट्रेस केलाय, आता पोलीस घरी येतील." फेसबुकवर कमेंटमध्ये भांडण पेटलं की ही धमकी कुणीतरी देतंच. खरंच असं होतं का?

2007 मध्ये झालं होतं, तेही भलत्याच माणसाच्या बाबतीत. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी केल्याच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी आयपी ॲड्रेसवरून बंगळुरूच्या एका आयटीवाल्या तरुणाला अटक केली. नंतर कळलं की, इंटरनेट कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. त्याचे 50 दिवस मात्र येरवडा तुरुंगात गेले.

अशी चूक होते कशी? आधी घरातलं वायफाय बघू. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये वायफायची प्रॉपर्टीज उघडली की 192.168.1.5 असा काहीतरी नंबर दिसेल. हा तुमच्या राऊटरने वाटलेला. नागपुरात तुमच्याकडे आहे तोच नंबर शेजारच्या काकांच्या लॅपटॉपलाही असू शकतो. फ्लॅट नंबर 5 प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो, तसंच.

बाहेरच्या जगाला दिसतो तो वेगळा, पब्लिक आयपी. तो इंटरनेट कंपनी देते आणि अनेकदा बदलतेही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे नंबर जगात साधारण 430 कोटीच. त्यामुळे एकच पब्लिक आयपी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटला जातो. आयपीवरून 'लोकेशन' सांगणाऱ्या साइट्स नागपूरकराला कधीकधी थेट मुंबईत नेऊन बसवतात, ते अंदाजावर चालत असल्यामुळे.

म्हणजे नुसता नंबर असून भागत नाही, अचूक वेळही लागते. इथेच खरी गोम आहे. सर्व्हरवर बऱ्याचदा यूटीसी वेळ असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. तिथे रात्रीचे 8 म्हणजे इथे मध्यरात्रीचा दीड, तारीखसुद्धा दुसरी! त्या क्षणी तो नंबर कुणाकडे होता, हे फक्त कंपनीच्या नोंदी सांगतात आणि पोलीस त्या रीतसर मागवतात. कमेंटमधल्या दादाला त्या मिळत नाहीत. 2022 मध्ये सर्ट-इनने कंपन्यांना 180 दिवसांचे लॉग ठेवायला आणि घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायला सांगितलं, त्यामागे हेच गणित आहे.

नोंदीत नाव मात्र बिल भरणाऱ्याचं असतं. तुमच्या वायफायवरून भाडेकरूने काही उद्योग केला, तरी पहिली विचारणा तुमच्याकडे. म्हणून ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाका (नेमका नंबर राऊटरच्या मागे छापलेला असतो), जोडलेल्या डिव्हाइसची यादी बघा, अनोळखी कुणी दिसलं तर वायफायचा पासवर्ड बदला. राऊटरचा ॲडमिन पासवर्डही बदला, तो आपण सगळेच विसरतो.

तिथेच 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये प्रिंटरचा नंबर पक्का करून टाका. लाईट जाऊन आली की प्रिंटर गायब होतो ना, तो बहुतेक वेळा नंबर बदलल्यामुळेच.