रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक कसा घडतो?

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाचे नातेवाईक बहुधा एक प्रश्न विचारतात, आणि तो विचारताना त्यांचा आवाज किंचित खाली येतो : "ऑपरेशन मोठे डॉक्टर स्वतःच करणार ना?" देणगीदारांकडून येणारा प्रश्न वेगळ्या शब्दांत असतो. धर्मादाय रुग्णालयाने रुग्णसेवा करावी हे खरे. पण डॉक्टर घडविण्याचा व्याप त्याने आपल्या शिरावर का घ्यावा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे. म्हणून अहवालाच्या या पानांवर व्हॅस्क्युलर सर्जरी, म्हणजे रक्तवाहिन्यांची शल्यचिकित्सा, या शाखेतील निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची थोडी माहिती देत आहोत.

हृदयाच्या आणि मेंदूच्या आतील रक्तवाहिन्या सोडल्या, तर शरीरातील बहुतेक सर्व धमन्या व नीला या शाखेच्या कक्षेत येतात. आपल्याकडे या विभागात येणारा रुग्ण कोण असतो? बरेचदा दीर्घकाळचा मधुमेही, ज्याच्या अंगठ्यावरची जखम महिनोन्‌महिने भरून येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे, तेव्हा हा ओघ आटण्याची चिन्हे नाहीत. त्याखेरीज तंबाखू-विडीच्या व्यसनापायी तिशी-चाळिशीतच पायाच्या धमन्या बंद पडलेला तरुण, डायलिसिससाठी मनगटाजवळ फिस्टुला करून घ्यावयास आलेला मूत्रपिंडाचा रुग्ण, आणि दुचाकीच्या अपघातात गुडघा निखळून त्यामागची धमनी तुटलेला कमावता माणूस. या साऱ्यांच्या बाबतीत पणाला लागलेली गोष्ट बहुधा एकच असते : पाय राहणार की जाणार.

प्रशिक्षित हातांनी किती फरक पडतो, याचा पुरावा दुर्दैवाने युद्धांनी दिला आहे. दुसऱ्या महायुद्धात धमनीला जखम झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या नोंदी पुढे १९४६ साली प्रसिद्ध झाल्या. त्या काळी तुटलेली धमनी बहुतेक वेळा नुसती बांधून टाकीत, आणि अशा सैनिकांपैकी जवळजवळ निम्म्यांना हात वा पाय गमवावा लागला. कोरियातील युद्धात (१९५० ते १९५३) धमनी शिवून पूर्ववत करण्याचे तंत्र जाणणारे शल्यचिकित्सक आघाडीजवळच्या रुग्णालयांत होते. तेथे हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले. जखमीला लवकर आणण्याची सोय व प्रतिजैविके यांचाही त्यात वाटा होता, हे मान्य करूनही शिकलेल्या हाताचे श्रेय उरतेच.

हे शिक्षण लांब पल्ल्याचे आहे. आंतरवासितेसह एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, मग जनरल सर्जरीची तीन, त्यानंतर नीट-एसएस ही देशपातळीवरील परीक्षा आणि पुढे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांची आणखी तीन वर्षे. मधली कोणतीही प्रतीक्षा न धरता ही साडेअकरा वर्षे होतात. शेवटच्या तीन वर्षांसाठी दोन वाटा आहेत : वैद्यकीय महाविद्यालयांतून मिळणारी एम.सीएच. ही पदवी, आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी. या दुसऱ्या वाटेमुळेच महाविद्यालय नसलेल्या विश्वस्त रुग्णालयांनाही, पुरेसे रुग्ण, खाटा व अनुभवी शिक्षक असल्याची तपासणी होऊन, प्रशिक्षणाची मान्यता मिळू शकते. प्रबंध, केलेल्या व पाहिलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंदवही, आणि अखेरीस लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा हे सारे त्यात आलेच.

पण शिकायचे असते ते मुळात काय? एका वाक्यात सांगायचे तर गळणार नाही आणि तुंबणार नाही असा जोड घालणे. सांगायला सोपे वाटणाऱ्या या गोष्टीला शल्यशास्त्राच्या इतिहासात फार वाट पाहावी लागली. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लियाँ शहरात सुऱ्याने हल्ला झाला. पोटातील मोठी नीला फाटली होती, ती शिवता येईल असे तेव्हाच्या शल्यचिकित्सकांना वाटत नव्हते, आणि राष्ट्राध्यक्ष दगावले. त्याच शहरातील अलेक्सी कॅरेल या तरुण डॉक्टराने भरतकामात निपुण असलेल्या एका बाईंकडून बारीक सुईकाम शिकून घेतले आणि १९०२ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. रक्तवाहिनीच्या गोल तोंडावर समान अंतराने तीन टाके घालून ते ताणले की वर्तुळाचा त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाची प्रत्येक बाजू सरळ शिवणीसारखी शिवता येते. या कामासाठी कॅरेल यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कशिदा काढणाऱ्या हातांचे ऋण शल्यशास्त्रावर आहे, हे आमच्या परिचारिका भगिनींना ऐकायला फार आवडते.

आजही निवासी डॉक्टरांचा पहिला धडा सुईचाच असतो. धागा केसाइतका बारीक. तो चिमट्यात थेट पकडायचा नाही. पकडला तर त्या जागी दुबळा होतो आणि पुढे केव्हातरी तुटतो. धमनी शिवताना, विशेषतः रक्तप्रवाहाच्या खालच्या टोकाला, सुई आतून बाहेर काढायची. यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आजारी धमनीचे आतले अस्तर चुन्यासारखे कडक होऊन भिंतीपासून सुटू पाहत असते. सुई बाहेरून आत ढकलली तर हे अस्तर मोकळे होते, आणि क्लॅम्प काढताच रक्ताच्या लोंढ्याने ते झडपेसारखे उघडून मार्गच अडवून बसते. बाहेरून शिवण देखणी दिसते, पाय मात्र गारच राहतो. असे धडे रुग्णावर गिरवायचे नसतात. कृत्रिम नळ्या, कोंबडीच्या तंगडीतील बारीक धमन्या, बोकडाची महाधमनी यांवर टाके घालीत निवासी डॉक्टरांचे कित्येक तास जातात. शिवण पुरी झाली की नळीत पाणी भरून पाहतात. थेंब आला की उसवून पुन्हा.

त्यानंतर जबाबदारी पायरीपायरीने सोपविली जाते. आधी जखमांची मलमपट्टी, हातातल्या लहान डॉप्लर यंत्राने नाडीचा आवाज ओळखणे, घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहणे. मग शस्त्रक्रियेत मदतनीस. मग जांघेतील धमनी उघडी करणे, बायपाससाठी पायातील नीला अलगद काढून देणे, मनगटाचा फिस्टुला. मांडीपासून पोटरीपर्यंतच्या बायपासचे एक टोक शिवायला मिळणे हा निवासी डॉक्टराच्या आयुष्यातला मोठा दिवस असतो, आणि त्या वेळी समोर उभे असलेले वरिष्ठ सर प्रत्येक टाका पाहत असतात. तेव्हा नातेवाइकांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : निर्णय आणि जबाबदारी मुख्य शल्यचिकित्सकांची, शस्त्रक्रियेच्या महत्त्वाच्या टप्प्यांवर ते टेबलापाशी असतात, कोणता भाग निवासी डॉक्टर करतील हे आधी ठरलेले असते, आणि अडखळले तर सुई त्यांच्या हातून परत घेतली जाते. याबाबत विचारायला कोणीही संकोचू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. विनामूल्य खाटेवरचा रुग्ण म्हणजे शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाचे साधन, हा समज जुना आहे आणि काही ठिकाणी तो खोटाही नसेल. यावर उपाय एकच, तो म्हणजे देखरेखीचा नियम सर्व खाटांना सारखा ठेवणे. पैसे भरणाऱ्या रुग्णाला जे वरिष्ठ हात मिळतात, तेच निर्धनाला मिळाले पाहिजेत. विश्वस्तांनी वर्षातून एकदा तरी शस्त्रक्रियांची नोंदवही या दृष्टीने चाळावी, असे सुचवावेसे वाटते.

निवासी या शब्दाचा अर्थ मात्र रात्री कळतो. १८८९ साली सुरू झालेल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड यांनी ही पद्धत रुजविली, तेव्हा शिकणारे डॉक्टर खरोखरच रुग्णालयात राहत असत. त्याची गरज आजही संपलेली नाही, कारण अचानक रक्तपुरवठा तुटलेल्या पायाचे स्नायू साधारण सहा तासच तग धरतात. रात्री दोन वाजता गार, फिकट, बधिर पाय घेऊन कोणी आला, तर पहिला प्रश्न विचारणारा माणूस इमारतीतच हवा. पूर्वी चालताना पोटरी भरून येत होती का? दुसऱ्या पायाच्या नाड्या लागतात का? छातीत धडधड होते का? हृदयातून गुठळी सुटून आली असेल तर उपचार एक, आणि आधीच अरुंद झालेली धमनी जागीच बंद पडली असेल तर दुसरा. पहिल्या प्रकारात बारीक नळीच्या टोकाचा फुगा गुठळीपलीकडे नेऊन, फुगवून, मागे ओढतात. हे साधन टॉमस फोगार्टी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केले. त्याची कल्पना त्यांना सुचली तेव्हा ते स्वतः वैद्यकाचे विद्यार्थी होते आणि पहिला फुगा त्यांनी रबरी हातमोज्याच्या बोटापासून बनविला होता. रक्त परत वाहू लागले म्हणजे काम संपले असेही नाही. उपाशी राहिलेली पोटरी सुजते, आवरणात कोंडते आणि आतल्या आत मरू लागते. दर तासाला बोट लावून पोटरी पाहणे आणि वेळेवर वरिष्ठांना उठविणे, हे काम कोणत्याही यंत्राकडे सोपविता येत नाही.

अलीकडे या शिक्षणाचे स्वरूप पालटले आहे. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतील चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका ८२ वर्षांच्या बाईंची अरुंद धमनी नळ्या घालून रुंद केली आणि तो पाय वाचला. १९९० साली अर्जेंटिनात ह्वान पारोदी यांनी पोटातील फुगलेल्या महाधमनीत जांघेतून कृत्रिम नळी बसविली. आता अनेक रुग्णांना मोठी चीर लागतच नाही. रुग्णाच्या दृष्टीने हा लाभच. पण पोट उघडून महाधमनी शिवण्याची संधी शिकणाऱ्याला पूर्वीइतकी मिळत नाही, आणि जेव्हा ती वेळ येते तेव्हा रुग्ण बहुधा सर्वांत अवघड असतो. ही उणीव सर्वत्र जाणवते आहे. म्हणून सरावाची टेबले आणि जुन्या अनुभवी शिक्षकांची हजेरी यांवरचा खर्च आम्हांला चैन वाटत नाही.

खर्चाबद्दल लपविण्यासारखे काही नाही. निवासी डॉक्टरांना विद्यावेतन द्यावे लागते. शिकवीत केलेली शस्त्रक्रिया अधिक वेळ घेते, म्हणजे त्या दिवशी टेबलावर एखादा रुग्ण कमी. आणि तीन वर्षे घडविलेला डॉक्टर बहुतेक वेळा आपल्याकडे राहत नाही. तो मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात जातो किंवा आपल्या जिल्ह्याला परत जातो. काही विश्वस्तांना हे खुपते, ते स्वाभाविक आहे. आमचे मत वेगळे आहे. सहा तासांच्या हिशेबात जिल्ह्याच्या ठिकाणी असलेला एक डॉक्टर आपल्या वॉर्डातील चार डॉक्टरांहून अधिक पाय वाचवू शकतो. आपल्याकडे रुग्णवाहिकेतून उशिरा पोहोचलेले पाय पाहिलेल्या कोणालाही हे पटेल.

शेवटचा धडा हाताचा नसतो. कोणता पाय वाचविण्याचा हट्ट धरायचा आणि कोणता वेळीच काढून रुग्णाचा जीव राखायचा, हे ठरविणे, आणि मग बाकावर बसलेल्या मुलाला वा पत्नीला ते घाई न करता सांगणे. नोंदवहीत या कामासाठी रकाना नाही. वरिष्ठ डॉक्टर बोलत असताना निवासी डॉक्टर मागे उभे राहून ऐकतात. तिसऱ्या वर्षी वरिष्ठ मागे उभे राहतात.

वाचकांसाठी एक सूचना. हात वा पाय अचानक दुखू लागून गार, पांढरा किंवा बधिर पडला, तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, शेक देऊ नये, चोळू नये. बधिर त्वचा भाजते आणि भुकेलेल्या स्नायूंवरचा ताण वाढतो. वेळ न दवडता रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात यावे, आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते दारावरच्या निवासी डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे.