विरळ हवेत वेदना कशी बदलते?

कळवा हे खाडीकाठचे उपनगर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर वसलेले आहे. ठाणे किंवा कल्याण गाठून कसारा लोकल पकडायची आणि रविवारी कळसूबाई सर करायचे, हा येथील अनेक डोंगरवेड्यांचा परिपाठ. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर खरे, पण त्याची उंची १,६४६ मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के असतो. विरळ हवेचा त्रास सुरू होतो तो साधारणतः २,५०० मीटरच्या पुढे. म्हणजे सह्याद्रीत आयुष्यभर भटकंती केली, तरी या त्रासाची ओळख होत नाही.

ती होते लेहला. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या या शहरात विमानाने काही तासांत पोहोचता येते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते. मात्र दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश झाल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू घटतो. पुढे खारदुंगला खिंडीत हा दाब जवळपास निम्म्यावर येतो. (खिंडीतील फलकावर अनेक वर्षे १८,३८० फूट असे लिहिलेले होते, प्रत्यक्ष मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,६०० फूट भरली.) सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ची मोहीम यशस्वी झाली, आणि मराठी माणसाचे हिमालयाशी नाते घट्ट झाले. पण हे गिर्यारोहक आठवडेच्या आठवडे उंचीशी जुळवून घेत चढतात. चार दिवसांच्या सहलीला निघालेल्या पर्यटकाकडे तेवढी उसंत नसते.

या पर्यटकाला पहिल्या रात्री गाठते ती डोकेदुखी. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. ती जाणवते त्याच्या आवरणांना आणि तेथील रक्तवाहिन्यांना. प्राणवायू कमी पडला की या वाहिन्या रुंदावतात, मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि भोवतालचे मज्जातंतू चेतवले जातात. त्यात झोपेचा बोजवारा उडतो, कारण उंचीवर झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि मग जोराने सुरू होतो. अपुऱ्या झोपेने वेदना सोसण्याची क्षमता घटते, हे मैदानी प्रदेशातही सिद्ध झालेले आहे. मात्र केवळ प्राणवायू कमी झाल्याने सगळ्याच वेदना तीव्र होतात का, या प्रश्नाला कृत्रिम विरळ हवेत केलेल्या प्रयोगांनी एकच एक उत्तर दिलेले नाही. थंडी, थकवा, जागरण आणि भीती यांपासून प्राणवायूचा परिणाम वेगळा काढणे सोपे नाही.

हातापायांच्या बाबतीत नेमके उलट घडते. त्वचेचे तापमान सुमारे १० अंश सेल्सियसखाली उतरले की संवेदना हरपते. थंडीने बोटांतील रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात. शरीरातील पाणी कमी झाल्याने रक्त दाट होते. हिमदंशाची सुरुवात अशी मुकाट्याने होते, आणि ठणका लागतो तो बोटे पुन्हा ऊबदार होऊ लागल्यावर. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर करणाऱ्या मोरिस एर्झोग यांना हिमदंशामुळे हातापायांची बोटे गमवावी लागली. शिवाय प्राणवायूच्या अभावी विचारशक्तीही मंदावते. पाय दुखत होता की नाही, हे विचारल्यावरच माणसाला आठवावे, अशी ती अवस्था असते.

डोके वाजवीहून अधिक दुखते आणि बोटे दुखायला हवीत तेव्हा दुखत नाहीत. म्हणूनच उंचीवर वेदनेचा अर्थ लावावा लागतो. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनने साधी डोकेदुखी थांबते, आणि ते घेण्यात गैर काही नाही. पण गोळीनेही ती हटली नाही, चालताना तोल जाऊ लागला वा बोलणे असंबद्ध झाले, तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता खाली उतरवणे हाच मुख्य उपचार. अफूजन्य वेदनाशामके, झोपेच्या गोळ्या आणि मद्य मात्र श्वसन मंदावतात. कमी प्राणवायूवर शरीराचा पहिला तोडगा म्हणजे वेगाने श्वास घेणे, आणि नेमका तोच त्यामुळे कुंठित होतो. ३,००० मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, हा वैद्यकीय नियम सहलींच्या वेळापत्रकांत क्वचितच बसतो.

आणखी एका वेदनेचा संबंध थेट महाराष्ट्राशी आहे. विदर्भ, नंदुरबार आणि ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. प्राणवायू घटला की यातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे, सांधे, छातीत असह्य कळा येतात. ज्यांना हा आजार आहे त्यांना त्याची कल्पना असते. प्रश्न वाहकांचा आहे. एरवी पूर्णपणे निरोगी असलेल्या वाहकालाही उंचीवर डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखू लागल्यास प्लीहेचा रक्तपुरवठा खुंटलेला असू शकतो. असे दुखणे पित्तावर ढकलले जाते. कुटुंबात हा विकार असणाऱ्यांसाठी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी उपलब्ध आहे. तिचा निष्कर्ष होकारार्थी आल्यास आजार की वाहकत्व, हे इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीने कळते.