भट्टीसमोरचा पहिला आठवडा

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई बनवणाऱ्या कारखान्यांत उन्हाळा दुहेरी असतो. भट्टीतले पोलाद सुमारे 1600 अंश सेल्सिअसवर, बाहेर पारा चाळिशीपार. यात सर्वाधिक धोका कोणाला, असे विचारले तर बहुतेक जण वयस्कर कामगाराकडे बोट दाखवतील. वय, रक्तदाब, मधुमेह यांनी धोका वाढतो हे खरेच. पण कामावर उष्माघाताने दगावलेल्यांत एक गोष्ट वारंवार आढळते: कामाचे पहिले काही दिवस.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. आठवडाभर सुटी घेतली की ही सवय ओसरू लागते. लग्नसराईसाठी गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलेला मुरलेला कामगारही म्हणूनच काहीसा नवखाच. अमेरिकेच्या 'नायोश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सल्ला असा, की नवख्याला पहिल्या दिवशी उष्ण जागी पाळीच्या 20 टक्केच वेळ द्यावा आणि रोज 20 टक्क्यांनी वाढवावा. परतलेल्या अनुभवी कामगाराला 50 टक्क्यांपासून सुरुवात.

लहान कारखान्यात मात्र ठेकेदाराने आज आणलेला पोरगा उद्या पूर्ण पाळी भट्टीसमोर उभा राहतो, आणि नोंदणीचे 'बघू पुढच्या महिन्यात' होते. मालकाचे दोन्हीकडून चुकते. 'तो ठेकेदाराचा माणूस' हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात महिना 21 हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआय लागू होते. मालकाचा वाटा वेतनाच्या 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची जबाबदारी मुख्य मालकाचीच. ती रक्कम तो ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. कामातून झालेल्या इजेचे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते, त्यासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी लागत नाही.

ईएसआय लागू नसेल तर भरपाई थेट मालकाच्या खिशातून. 1923 च्या कायद्यातले हे तत्त्व 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. काम आणि मृत्यू यांचा संबंध दाखवावा लागतो, आणि तिथे हजेरीपट बोलतो: माणूस कधी रुजू झाला, किती तास कुठे उभा होता.

मुकादमाला एवढे तरी माहीत हवे. कामगार असंबद्ध बोलू लागला, झोक जाऊ लागला, तर 'प्यायलाय' म्हणून बाजूला बसवू नये. अंग घामाने ओले असले तरी तो उष्माघात असू शकतो. सावलीत नेऊन जाड कपडे काढावेत, अंगावर गार पाणी ओतत पंखा लावावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. 108 ला फोन लगेच करावा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.