पोरीचे ताट कमी करू नका, मलमाची नळी आधी वाचा



रोवणी, खत आणि करप्याविषयी आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचे आहे घरातल्या उगवत्या पिकाविषयी, म्हणजे तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींविषयी. गावातली बैठक आटोपली की एखादी माउली मागे थांबते आणि हळूच विचारते, "साहेब, पोरीच्या तोंडावर लई पुटकुळ्या आल्या. तिचं काय खाणं बंद करू?"

खरी चूक या "काय बंद करू" मध्येच आहे. पुटकुळ्या उष्णतेने येतात असे समजून अंडी बंद होतात, मासळी बंद होते, शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळीही कोनाड्यात पडून राहते. आपल्या भागात कितीतरी मुलींच्या अंगात मुळातच रक्त कमी. त्यात ताटही कमी केले तर पुटकुळ्या जात नाहीत, पोर मात्र खंगते.

पुटकुळ्या येतात कशा?

त्वचेवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल सोडणारी एक बारीक ग्रंथी असते. वयात येताना मुलगा असो की मुलगी, शरीरातले काही अंतःस्राव वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. मेलेल्या त्वचेचे कण त्यात अडकून छिद्राचे तोंड बुजते. बांधीची मोरी गाळाने बुजली की पाणी तुंबते, तसाच हा प्रकार. त्वचेवर नेहमीच राहणारे जंतू त्या तुंबलेल्या तेलात वाढतात, मग सूज येते आणि पू होतो.

काळा ठिपका दिसतो तो मळ नव्हे. छिद्रातल्या बुचाला हवा लागून तो काळा पडतो. तेव्हा पुटकुळ्या म्हणजे रक्त नासणे नव्हे आणि मनातल्या वाईट विचारांचे फळ तर नव्हेच. आईवडिलांना त्या आल्या असतील तर मुलांनाही येण्याचा संभव जास्त असतो.

ताटाचा संबंध किती?

संबंध आहे, पण आपण समजतो तसा नाही. पापुआ न्यू गिनीमधील किटावा बेटावर १२०० लोकांची तपासणी झाली, तिचा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत एकालाही तारुण्यपीटिका आढळल्या नाहीत. त्यांचे खाणे म्हणजे कंद, फळे, मासळी आणि नारळ. यात आनुवंशिकतेचाही भाग असू शकतो. पण २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या तरुणांना बारा आठवडे साखर हळूहळू वाढवणारे आणि प्रथिने अधिक असलेले जेवण दिले, तेव्हा नेहमीचे खाणाऱ्यांपेक्षा त्यांच्या पुटकुळ्या जास्त कमी झाल्या. रक्तात साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन वाढते आणि तेलाच्या ग्रंथींना जोर येतो, असे त्यामागचे कारण दिले जाते.

म्हणून कमी करायचे ते बाटलीतले गोड पेय, बिस्किटे, मैद्याचे पदार्थ आणि दिवसातून चार वेळा होणारा गोड चहा. भात सोडायचा नाही. धानाच्या मुलखात तो सोडून चालणारही नाही. मात्र ताटभर भात आणि वर पातळ रस्सा, असे नको. भात थोडा कमी घ्या आणि त्याबरोबर तूर किंवा मुगाचे घट्ट वरण, तरोटा, अंबाडी किंवा शेवग्याची भाजी, बोडीतली मासळी नाहीतर एक अंडे आणि जवसाची चटणी असू द्या. उकड्या तांदळाचा भात साध्या भातापेक्षा सावकाश पचतो. गोड खावेसे वाटले तर परसातला पेरू आहेच.

दुधाचा थोडा संबंध काही पाहण्यांत दिसला आहे, पण तो पक्का नाही. घरचे कपभर दूध मुलांचे तोडू नका. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनी मात्र लक्ष द्यावे. दुधाच्या निवळीपासून केलेल्या डब्यातल्या प्रोटीन पावडरीने काहींच्या पुटकुळ्या वाढल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. फुटाणे, शेंगदाणे आणि अंडी स्वस्त पडतात व पुरतातही.

रोजची शिस्त

१. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुवा. शेतातून घामाघूम होऊन आल्यावर आणखी एकदा धुवा. घासू नका.

२. खोबरेल असो की मोहाच्या टोळीचे तेल, ते केसांनाच लावा. कपाळावर ओघळू देऊ नका.

३. दुपट्टा, ओढणी आणि उशीची खोळ वरचेवर धुवा.

४. पुटकुळी फोडू नका. कायमचे खड्डे त्यानेच पडतात.

५. लिंबू, सोडा, टूथपेस्ट चोळू नका, त्वचा भाजते.

६. रात्री पुरेशी झोप घ्या. परीक्षेच्या ताणानेही पुटकुळ्या वाढतात.

मलमापासून सावध

आता सर्वांत महत्त्वाचे. रोग न ओळखता दुकानदाराने दिलेले औषध पिकावर मारू नका, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. तोंडाचेही तसेच आहे. "गोरे करणारे" म्हणून बाजारात मिळणाऱ्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, उन्हात आग होते, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि पुटकुळ्या दुपटीने येतात. मलम सोडले की त्रास आणखी भडकतो, म्हणून पोर ते सोडायला तयार होत नाही.

नळीवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे नाव दिसले तर ती नळी पुटकुळ्यांसाठी नाही, हे पक्के समजा. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा आदेश केंद्र सरकारने २०१८ साली काढला. कोणी ती आधीच महिनोन्महिने लावत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच बंद करा.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

गाठी मोठ्या व दुखऱ्या असतील, खड्डे पडू लागले असतील, पाळी अनियमित होऊन ओठावर व हनुवटीवर केस वाढत असतील किंवा मूल शाळेत जायचे टाळत असेल, तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अडॅपलीन यांसारखी गुणकारी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावीत. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. आज रोवलेला धान उद्या कापायला येत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

१९८६ साली आपल्या गडचिरोलीत "सर्च" संस्था सुरू झाली. तिच्या डॉ. राणी बंग यांनी "तारुण्यभान" शिबिरांतून या वयातल्या बदलांवर मुलामुलींशी मोकळेपणाने बोलायची वाट दाखवली. तेच बोलणे घरात व्हावे. पोराच्या तोंडाकडे पाहून पाहुण्यांसमोर हसू नका, "लग्न कसं होईल" असे पोरीला म्हणू नका. आज संध्याकाळी घरातली मलमाची नळी उचला, तिच्यावरचे नाव वाचा आणि पोरीच्या भातावर वरण एक पळी जास्त वाढा.