धक्क्याचा हिशेब

पहाटे 5

शनिवारी रेंज लवकर उघडते, म्हणून रात्रीच फिल्टरमध्ये कॉफी घालून ठेवतो. सकाळी नुसतं दूध तापवायचं. पिशवीत कानाचे मफ, फोमची बोळी, पाण्याची बाटली, विद्यार्थ्यांची वही. आणि एक छोटा डबा, त्यात बनावट काडतुसं. ती .22 च्या मापाचीच आहेत, पण आत दारू नाही, काही नाही. शिकवायला माझ्याकडे याहून उपयोगी वस्तू दुसरी नाही.

राजाजीनगरहून निघालो की सहाच्या आत शहर ओलांडता येतं. नंतर बेंगळुरूत रस्त्यावर निघणं म्हणजे अर्धा दिवस घालवणं.

सकाळी 6.30

पहिला अर्धा तास कुणालाही गोळी मिळत नाही. रायफल रिकामी आहे हे स्वतः बघायचं, शेजाऱ्याला दाखवायचं, मग नेम धरून नुसता चाप ओढायचा. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, ओढायचं. चाप सुटल्यावर नळीच्या टोकावरची नेमाची माशी जागची हलली का, एवढंच बघायचं. नव्या मुलांना याचा कंटाळा येतो. पण स्वप्नील कुसाळेसारखी माणसं रिकाम्या रायफलीवर किती घाम गाळतात ते सांगितलं की गप्प होतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्यानं 451.4 गुण काढून कांस्य घेतलं. त्याचा फोटो मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. इथली कन्नड मुलंही आता त्याला ओळखतात.

सकाळी 7.15

आजची खरी विद्यार्थिनी कोडगूची आहे. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. घरात बंदूक पिढ्यानपिढ्या. कोडवांना शस्त्र कायद्याखाली परवान्यातून सूट आहे आणि सप्टेंबरात कैलपोळदला बंदुकांची पूजा करून झाडाच्या शेंड्याला बांधलेल्या नारळावर नेम धरण्याची तिकडे रीत आहे. तिनंही लहानपणी तो नारळ फोडायचा प्रयत्न केला होता, आजोबांच्या बारा बोअरच्या बंदुकीनं. खांदा आठवडाभर निळा होता म्हणाली.

एअर रायफलवर ही मुलगी सुरेख मारते. .22 हातात दिली की गोळ्या खाली डावीकडे जातात, कधी लक्ष्याच्या कागदाबाहेर. वास्तविक .22 चा धक्का म्हणजे काय? गोळी अडीच ग्रॅमची, रायफल चार-पाच किलोची. खांद्याला कळतसुद्धा नाही. तिला त्रास देतो तो आठवणीतला धक्का.

म्हणून डबा काढला. पाच काडतुसं, त्यातली दोन बनावट. कुठली कुठं आहेत ते तिला माहीत नाही, एकेक मी भरून देतो. पहिलं खरं होतं, ठीक गेलं. दुसरं बनावट. चाप ओढला, आवाज नाही, धूर नाही, आणि रायफलीचं तोंड बोटभर खाली दबलं. खांदा पुढे आला, डोळे मिटले. तिला स्वतःलाच दिसलं. मी काहीच बोललो नाही, बोलायची गरजच नव्हती.

अंगानं एकदा घेतलेली ही दचक काढायला महिने लागतात, क्वचित वर्षंही. घ्यायला मात्र एक दुपार पुरते. शिकवण्याच्या कामात मला सगळ्यात जास्त राग येतो तो याच गोष्टीचा: नव्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी जड काडतूस देऊन "बघ कसं लागतं" म्हणणारे लोक. लष्करात त्याला इलाज नव्हता. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात आम्ही रिक्रूट असताना 7.62 ची एसएलआर होती. सगळ्यांना तीच आणि पहिल्यापासून तीच. उस्ताद मागून ओरडायचे, दस्ता खांद्यात घट्ट दाबा. जे दाबायचे ते निभावायचे. बाकीच्यांच्या खांद्यावर बुक्क्या बसायच्या. चांगले नेमबाज होऊ शकले असते असे कितीतरी जण त्यात गेले.

सकाळी 8.45

बाय-टू कॉफी आणि थट्टे इडली. फोनवर भाचीचा निरोप. ती विस्कॉन्सिनला, मॅडिसन शहरात असते. तिकडे शुक्रवारची रात्र, सव्वादहा.

मागे एकदा तिनं सांगितलं होतं की शेजाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं ठरतंय. घरात दोन तट पडले. माझी बहीण अजून नीट बोलत नाही तिच्याशी. माझं मत मी तेव्हाच सांगितलं. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तो असलाच पाहिजे. इथं चितळावर बंदूक उचलणारा गुन्हेगार आहे, त्याच्याशी माझं काही देणंघेणं नाही. तिकडे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, सरकार परवाने देतं, मांस घरात शिजतं, हंगाम नऊ दिवसांचा. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय परवाना नाही. तो तिनं केला. भडक नारिंगी जाकीट घेतलं. आता तिचा निरोप असा:

"मामा, शेजाऱ्यांची .308 मारून बघितली. तीन गोळ्यांनंतर हात थरथरायला लागले. ते म्हणतात घरीच हलकी काडतुसं भरून देतो, दारू कमी घालून. चालेल का? उद्या सकाळी रेंजवर जायचंय."

उत्तर तिच्या सकाळच्या आत द्यायला हवं. म्हणजे माझ्या संध्याकाळी सातपर्यंत.

सकाळी 11

घरी येऊन वही उघडली. .308 म्हणजे आमच्या एसएलआरच्या 7.62 चंच सख्खं भावंड. तो खांदा मला ठाऊक आहे.

हिशेब साधा आहे. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोरानं रायफल मागे येते. गोळीचं वजन गुणिले वेग, त्यात दारूच्या वायूचा वाटा मिळवायचा, रायफलीच्या वजनानं भागायचं. नेहमीचं काडतूस घेऊ: 150 ग्रेनची, म्हणजे 9.7 ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला 860 मीटर. दुर्बिणीसकट साडेतीन किलोची रायफल सेकंदाला साडेतीन मीटरहून जास्त वेगानं खांद्यावर येते, ऊर्जा सुमारे 23 ज्यूल. आता 125 ग्रेनची, 8.1 ग्रॅमची गोळी 650 मीटरनं सोडली आणि दारू तिसऱ्या हिश्शानं उतरवली, तर रायफल दोन मीटरच्या थोडं वर वेगानं येते. ऊर्जा सुमारे 8 ज्यूल. गोळीचा वेग पाऊणपट झाला आणि खांद्यावरचा मार जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं बदलते आणि कमी झालेल्या दारूचा वायूही तितका ढकलत नाही. शाळेत हे सूत्र आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं.

जुन्या शिकाऱ्यांना असला हिशेब करावासा वाटला नाही. आपल्याच बेंगळुरूचे केनेथ अँडरसन .405 विंचेस्टर वापरायचे, जवळजवळ साडेएकोणीस ग्रॅमची गोळी. नरभक्षक वाघासमोर उभ्या माणसाला ते शोभतं. शंभर पावलांवर चरणाऱ्या हरणाला त्याची गरज नाही, आणि पहिल्यांदाच रायफल धरणाऱ्या माणसाला तर मुळीच नाही.

म्हणजे कल्पना बरोबर आहे. पण "दारू कमी घालून" हे तीन शब्द मला खटकले. दारू कमी म्हणजे धोका कमी, असं वाटणं साहजिक आहे. ते खरं नाही. रायफलीच्या सावकाश जळणाऱ्या काही दारू अशा आहेत की काडतूस निम्मं रिकामं ठेवलं तर त्या नीट पेटत नाहीत, आणि मग दाब एकाएकी चढू शकतो, नळी फुटेपर्यंत. फारच कमी भरली तर गोळी नळीतच अडकते आणि मागून दुसरी सोडली की संपलं. पिस्तुलाची झटपट जळणारी दारू घातली तर चिमूटभर लागते. ती इतकी थोडी असते की चुकून दोनदा पडली तरी पितळी काडतुसात मावते आणि बघणाऱ्याला कळतही नाही.

म्हणून तिकडच्या कंपन्यांनी ठरावीक दारूच यासाठी सांगितल्या आहेत. हॉजडन कंपनीची एच-4895 त्यातली प्रसिद्ध. तिच्या चालू पुस्तकात त्या गोळीसाठी जो कमाल आकडा असेल, त्याच्या 60 टक्क्यांपर्यंत उतरता येतं, त्याखाली नाही. हा नियम फक्त त्या दारूचा. शेजारच्या बाटलीत नावात एका आकड्याचा फरक असलेली दारू असेल तर हा हिशेब तिथं लावायचा नाही.

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाखाली बंद आहे. म्हणून हे सगळं मी पुस्तकातून आणि तिकडच्या नेमबाजांशी बोलून शिकलो, हातानं कधी काडतूस भरलेलं नाही. तिला हेही स्पष्ट सांगायला हवं.

दुपारी 1.30

जेवण, मग थोडी झोप. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीसाठी वर्गणी द्यायची राहिली होती, ती पाठवली.

दुपारी 4

परत रेंजवर. आधी रजिस्टर. सकाळी किती काडतुसं दिली, किती उडाली, किती परत आली, तिन्ही आकडे जुळल्याशिवाय कपाट बंद होत नाही. मग लहान मुलांची एअर रायफल, 10 मीटर. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, धक्का जवळजवळ शून्य. सुरुवात इथून झाली पाहिजे. इथं वर्षभर बसलेलं मूल पुढे .22 ला दचकत नाही, असा माझा अनुभव आहे. आई-वडील मात्र विचारतात, "सर, खरी बंदूक कधी?"

संध्याकाळी 7

भाचीचा फोन. तिकडे सकाळचे साडेआठ, शेजारीही टेबलाशी बसलेले. सत्तरीचा गृहस्थ, बोलणं मोजकं. त्यांना विचारलं, दारू कुठली? एच-4895. पुस्तक? या वर्षीचं, समोरच उघडं आहे. काट्यावर तोलता की मापानं भरता? प्रत्येक काडतूस तोलतो, आणि भरून झाल्यावर सगळी ओळीनं लावून टॉर्चनं आत बघतो. माझा जीव भांड्यात पडला. माणूस जाणता आहे.

मग गोळीवर आलो. हे बहुतेक जण विसरतात. हरण तात्काळ पडायला गोळी आत गेल्यावर फुलली पाहिजे, आणि बऱ्याच शिकारी गोळ्यांना फुलायला सेकंदाला साधारण 550 मीटरचा वेग लागतो. हलकं काडतूस 650 नं निघालं तर शंभर यार्डांवर ती जेमतेम त्या रेषेच्या वर असते. पुढे नुसतं भोक पाडून निघून जाते आणि जनावर जखमी होऊन रानात कुठं तरी मरतं. म्हणून कमी वेगाला फुलणारी गोळी निवडायची आणि शंभर यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही, मोठ्यात मोठं शिंग दिसलं तरी.

"मामा, मग नेहमीचं काडतूसच बरं नाही का? लांबून मारता येईल."

"अगं, डोळे मिटून दोनशे यार्डांवर मारलेल्या गोळीपेक्षा डोळे उघडे ठेवून साठ यार्डांवर मारलेली बरी. हरणाला तुझ्या रायफलीच्या ताकदीशी काय करायचंय? त्याला तुझा नेम चुकला तर भोगावं लागतं."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "हे आईला पण सांग."

बाकीचं भराभर सांगितलं. दस्त्याला रबराची जाड गादी लाव. रेंजवर वाळूची पिशवी दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये ठेव. कानात बोळी आणि वर मफ, दोन्ही, कारण निम्मी दचक आवाजाची असते. हलकी गोळी जास्त खाली येते, तेव्हा दुर्बीण नव्यानं जुळवून घे. हंगामात तीच काडतुसं न्यायची ज्यांच्यावर सराव केला. पेटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नेहमीच्या काडतुसांत मिसळता कामा नयेत. एका वेळी दहापेक्षा जास्त नाही, अकराव्याला खांदा दुखत नसला तरी थांब. आणि शेजाऱ्यांना सांगितलं, मधूनच तिला न सांगता बनावट काडतूस द्या. ते हसले. खिशातून काढून दाखवलं, आधीच आणलं होतं त्यांनी.

रात्री 9.30

कोडगूच्या मुलीला निरोप पाठवला: उद्या खरी गोळी नाही. दहा बनावट, आणि रायफलीच्या नळीवर तोंडाशी एक रुपयाचं नाणं ठेवायचं. चाप ओढल्यावर नाणं पडलं नाही असं सलग दहादा झालं, की मगच एक खरं काडतूस. तिचं उत्तर लगेच आलं, "सर, सहा वाजता येऊ का?" साडेसहा म्हणालो. रेंजची किल्ली त्याआधी मिळत नाही.